पारबताबाईंच्या चुलीवर

जमलेल्या भावांनो आणि बायांनो,

आज बाजाराचा दिवस. तरी तुम्ही दुकानं अर्ध्यावर सोडून, टोपल्या बाहेर ठेवून शाळेच्या या ओसरीत येऊन बसलात. मला वाटलं होतं चार माणसं येतील. पारबताबाई स्वतः असत्या तर एवढी माणसं बघून दारातूनच परत फिरल्या असत्या. आपल्यासाठी कोणी काम सोडून बसलंय, हे त्यांना सहनच झालं नसतं.

मी रोज इथेच उभी राहून बोलते. मुलींकडून पाढे म्हणवून घेते. घसा कधी बसला नाही. आज मात्र सकाळपासून शब्द जुळवते आहे आणि ते जुळत नाहीत. अडखळले तर सांभाळून घ्या.

तुमच्यापैकी पुष्कळांना पारबताबाई ठाऊक होत्या, पण बाहेरून. घरोघरी भात कांडायला येणारी बाई. तेंदूच्या हंगामात जंगलात पानं तोडायला जाणारी बाई. बाजार उठता उठता येऊन उरलेली वांगी स्वस्तात मागणारी बाई. नवे पैसे आले तरी जिचा हिशेब आण्यातच चालायचा, ती बाई. तुम्ही हसायचा त्यांना. मीही हसायची. पण मी त्यांच्या घरात राहिले, त्यांच्या चुलीवरचं जेवले. म्हणून मी आतलं सांगते.

मी गोंडपिपरीला आले ती स्वराज्यानंतर थोड्याच वर्षांनी. लग्नानंतर वर्षभरात माझा नवरा वारला होता. भावानं मला शिकवलं, मास्तरीण केलं. पुढे त्याचीच नोकरी सुटली आणि त्याच्या घरात लहान लेकरं. मग माझ्या पगारातला मोठा भाग नागपूरला त्याच्याकडे जाऊ लागला. उरेल त्यात मला महिना काढायचा होता. पारबताबाईंच्या घराला दोन खोल्या. त्यातली एक त्यांनी मला भाड्यानं दिली. त्या घरात त्या एकट्याच होत्या. कपाळावर मोठं कुंकू, आणि नवरा कुठे असं कोणी विचारलं तर एकच उत्तर, "गेला हाये कामावर."

पहिल्याच आठवड्यात मी माझी चूल मांडली. सरपण ओलं. पेटता पेटेना. धुरानं डोळे लाल झाले. त्या दारात येऊन उभ्या राहिल्या. थोडा वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, "बाई जी, तुमी एकट्या. मीबी एकटीच. मंग दोन चुली कायले जाळाच्या?"

मी गप्प बसले. का बसले, ते तुम्हाला सांगायला नको. मी भिक्षुकाच्या घरातली, त्या कुणब्याच्या. तो काळ आठवा. पारबताबाईंना माझं गप्प बसणं कळलं. त्यांना राग आला नाही. त्यांनी वाट काढली. त्यांचं रांधून झालं की त्या चुलीतला आर, म्हणजे लाल निखारे, तसाच ठेवून द्यायच्या आणि भिंतीवर थाप मारायच्या. मग मी जाऊन माझं भांडं त्या आरावर ठेवायची. भांडी वेगळी, जेवण वेगळं, विस्तव तेवढा एक. असे काही महिने गेले.

मग मला हिवताप आला. आपल्या भागातला हिवताप, तुम्हाला माहीतच आहे. कुडकुडत पडून होते. पारबताबाईंनी कणीची पेज केली, वाटीत घेऊन आल्या, माझं डोकं मांडीवर घेतलं आणि पाजली. त्यांनी विचारलं नाही. मीही काही म्हटलं नाही. ताप उतरल्यावर मी माझं भांडं घेऊन चुलीपाशी गेले, तर त्यांनी दोघींचा भात एकाच भांड्यात टाकला होता. त्या दिवसापासून आमचं घर एक झालं.

नंतर गावातली काही वडीलधारी मंडळी मला समजावायला आली. त्यातली एक-दोन आज इथे बसली आहेत. माझ्या मनात राग नाही. खरंच नाही. मी त्यांना तेव्हा एवढंच सांगितलं होतं की मला एकटीला जेवण जात नाही.

त्यांच्या काटकसरीच्या गोष्टी तुम्ही एकमेकांना सांगता. मीही थोडं सांगते. अख्खा तांदूळ विकायचा आणि कणी खायची. डाळ लाखोळीची, सगळ्यांत स्वस्त ती. दिवा एकच लावायचा आणि दोघींच्या मध्ये ठेवायचा; एका बाजूला मी मुलींच्या वह्या तपासणार, दुसऱ्या बाजूला त्या पळसाच्या पानांच्या पत्रावळी लावणार. लुगडं फाटलं की दांड घालून नेसायचं, पुन्हा फाटलं की गोधडीत जायचं, गोधडी विरली की तिचं पोतेरं. उन्हाळ्यात मोहफुलं वाळवून मडक्यात भरायची आणि श्रावण-भादव्यात, घरोघरी धान्य संपत आलेलं असताना, ती उकडून खायची. मला सुरुवातीला ती घशाखाली उतरत नसत. पुढे आवडायला लागली. हे सगळं त्या कुरकुर न करता करायच्या. पण बोलायच्याही फार कमी. दिव्याच्या दोन बाजूंना आम्ही दोघी अशा किती संध्याकाळी बसलो, एक शब्द न बोलता. तेव्हा मला वाटायचं, आम्ही दोन एकट्या बाया एका घरात आहोत, एवढंच. आता कळतं की मी तेव्हा एकटी नव्हते.

आता सोमाजींचं सांगते. सोमाजी म्हणजे त्यांचा नवरा. हे सांगावं की नाही, याचा मी खूप विचार केला. पण त्याशिवाय पारबताबाई कळणार नाहीत.

मी इथे येण्याच्या पुष्कळ आधी सोमाजी घर सोडून गेले होते. जाताना बायकोच्या हातातले चांदीचे गोट घेऊन गेले. आंधळी म्हातारी आई तिच्या गळ्यात टाकून गेले. त्या म्हातारीचं पारबताबाईंनीच शेवटपर्यंत केलं. इतक्या वर्षांत निरोप नाही, चौकशी नाही. आणि एका फाल्गुनात, भर दुपारी, ते दारात येऊन उभे राहिले. शाळेला सुट्टी होती, मी घरी होते. हाडांचा सापळा. खांद्यावर गाठोडं. दोन पावलं चालले की खोकत होते. कुठल्या कुठल्या ठेकेदारांकडे लाकूड तोडलं होतं, खाणीत काम केलं होतं, आणि आता कोणी कामावर घेत नव्हतं.

पारबताबाई सुपानं तांदूळ पाखडत होत्या. त्यांनी वर पाहिलं. सूप खाली ठेवलं. आत गेल्या, लोट्यात पाणी आणलं आणि ओसरीवर ठेवलं. त्यांच्या हातात दिलं नाही, खाली ठेवलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बाई, त्याले सांगा, पाय धुवून घे म्हणा."

तेव्हापासून मी त्या नवरा-बायकोची निरोप्या झाले. त्याले सांगा, जेवाले ये. त्याले सांगा, बिडी ओढू नको. सोमाजी चार हातांवर बसलेले असायचे, सगळं ऐकू यायचं, तरी मी सांगायची आणि ते मान हलवायचे. हसू नका. हसलात तरी चालेल. आम्हालाही कधी कधी हसू यायचं.

गावाला मात्र हसू आलं नाही. चार-पाच जाणते घरी आले. म्हणाले, ज्यानं तुला असं टाकलं त्याला घरात घेऊ नकोस, त्याला त्याच्या चुलतभावांकडे पाठवू, तुझंच भागत नाही तर तू त्याला कुठून खाऊ घालणार. त्यांचं बोलणं मायेपोटीच होतं. पारबताबाईंनी सगळं ऐकून घेतलं. सूप हातातच होतं. म्हणाल्या, "मले फेकाची सवय नाई, भाऊ. फाटलं त शिवतो. तुटलं त बांधतो. आता माणूसच कसा फेकू?"

जाणते उठून गेले. पारबताबाई पुन्हा पाखडायला लागल्या. पण मी बाजूलाच बसले होते. सुपातले तांदूळ खाली सांडत होते आणि त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. असं मी एकदाच पाहिलं.

मला काय वाटलं म्हणून विचाराल, तर मला भीती वाटली. आता यांचा संसार आला, माझं इथे काय काम? मी गुपचूप दुसरी खोली बघायला लागले. बाजूच्या जैतुनबींना विचारलं, त्यांच्या शिंपीकामाच्या दुकानामागे जागा आहे का. जैतुनबींनी ते पारबताबाईंना सांगितलं. त्या संध्याकाळी पारबताबाईंनी माझं ताट वाढलं आणि समोर बसल्या. म्हणाल्या, "थो आला म्हून तुमी पाव्हण्या झाल्या का?" बस, एवढंच. मी मान खाली घालून जेवले. पुन्हा खोली शोधली नाही.

पण तिसरं माणूस म्हणजे तिसरं पोट, आणि वर औषध. काही दिवसांनी माझ्या लक्षात आलं की पारबताबाईंचे उपास वाढलेत. आधी सोमवार. मग गुरुवार. मग शनिवारही आला. मीही शनिवार धरला. त्यांनी मला विचारलं, "काऊन बाई, आज जेवत नाई?" मी म्हटलं, तुमचा देव तो माझाही देव. त्या चिडल्या. आयुष्यात तेवढ्याच एकदा माझ्यावर चिडल्या. मग भात पुढे ओढला, मधोमध रेघ मारली, आणि आम्ही दोघी अर्ध्या अर्ध्या पोटानं जेवलो. पुढे कोणीच उपास धरला नाही.

सोमाजींना गोड चहा आवडायचा. आमच्या घरी साखर येत नसे. ज्या बाईनं स्वतःच्या जिभेवर कधी साखर ठेवली नाही, ती बाजारातून कागदाची बारकी पुडी आणायची आणि मला सांगायची, "त्याले द्या. मी आणली म्हणू नका."

पावसाळा सरता सरता सोमाजींनी अंथरूण धरलं. एका दुपारी मी शाळेतून आले, तर ते ओसरीवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. पारबताबाई पायाशी बसून पानं लावत होत्या. सोमाजी म्हणाले, "पारबते, तू माह्यासंग बोलत काऊन नाई?"

त्या पानं लावतच राहिल्या. मला वाटलं, आता मला निरोप सांगतील. पण त्या त्यांच्याकडे बघून म्हणाल्या, "बोलतो. आधी पेज पी."

पेज पिऊन झाली. आणि मग पारबताबाई बोलायला लागल्या. मी आत होते, पण ऐकू येत होतं. त्या रागाचं काहीच बोलल्या नाहीत. रडल्याही नाहीत. म्हातारी शेवटी कोणाचं नाव घेत होती, ते सांगितलं. गाय कोणत्या उन्हाळ्यात विकली, छप्पर कधी गळलं, कोणत्या वर्षी तांदूळ पिकलाच नाही आणि तेव्हा काय खाल्लं, ते सांगितलं. सोमाजी मधून मधून "हो का" म्हणत होते. ऊन अंगणातून गेलं, दिवेलागण झाली, तरी त्या बोलत होत्या. मी इतकी वर्षं त्यांच्यासोबत राहिले. त्यातलं अर्धं मलाही ठाऊक नव्हतं. मी चूल पेटवली, भात टाकला. त्या संध्याकाळी मला आत फार एकटं वाटलं, आणि फार बरंही वाटलं.

त्यानंतर आठवड्याच्या आत सोमाजी गेले.

पारबताबाईंनी कुंकू पुसलं आणि कामाला लागल्या. पण ते बोलणं झाल्यावर त्यांच्यातलं काहीतरी मोकळं झालं होतं, की रिकामं झालं होतं, मला सांगता येत नाही. पौषाच्या थंडीत त्यांना खोकल्यानं धरलं. औषध आणते म्हटलं तर हात हलवायच्या. मागच्या बुधवारी मी शाळेत निघाले, तेव्हा त्या चुलीपाशी शेकत बसल्या होत्या. म्हणाल्या, "भात झाकून ठेवतो. थंड नका करू." मी हो म्हटलं आणि निघाले. वर्ग चालू असताना जैतुनबी धावत आल्या. मी पोचले तेव्हा सगळं संपलं होतं.

चुलीपाशी भात झाकून ठेवला होता. दोघींचा. स्मशानातून परतल्यावर जैतुनबी म्हणाल्या, तो आता गाईला घाला. मी त्यातला माझा वाटा काढला आणि खाल्ला. थंड झाला होता.

आता थोडंच उरलं आहे. सभा सुरू होण्याआधी अध्यक्षांनी मला विचारलं, मयत बाईंशी तुमचं नातं काय म्हणून सांगू? स्मशानातही हाच प्रश्न आला होता. भटजींनी विचारलं, यांचं कोण आहे? सगळे एकमेकांकडे बघायला लागले. भाडेकरू म्हणावं, तर भाडं त्यांनी पहिल्या हिवतापानंतर कधी घेतलं नाही. बहीण म्हणावं, तर जात आड येते. मैत्रीण म्हणावं, तर त्यांना तो शब्द परका वाटला असता. या गावात प्रत्येक माणसाला कुठलं ना कुठलं नातं आहे. आमच्या नात्याला मात्र नाव नाही, आणि म्हणून मला सुतकही नाही. कुणी येऊन मला धीरही देत नाही, कारण माझं कोण गेलं, हेच कोणाला ठाऊक नाही.

माझं माणूस गेलं. एवढं आज तुमच्यासमोर म्हणू द्या.

पारबताबाई, तुम्हाला माझा नमस्कार. सगळ्यांनी उभं राहावं, आणि बाजाराचा गलबला बाहेर चालू असला तरी, थोडा वेळ माझ्यासोबत काही न बोलता उभं राहावं.