माझं काम फक्त ऐकायचं

...नाही, पण मी म्हणतो, मला बोलायला सांगितलं कुणी होतं? तुम्हाला सांगतो, ऑस्ट्रेलियातल्या आमच्या गिप्सलँडच्या दवाखान्यात दर मंगळवारी मी फुकट बसतो, प्रोस्टेटचा कॅन्सर निघालेल्या लोकांशी बोलायला, कारण तो मलाही झाला होता आणि ऑपरेशन करून मी आज धडधाकट आहे. नर्स फिलिपाबाईंनी दोन दिवस घोकून घेतलं, "व्हर्न, तुम्ही काय केलंत ते सांगायचं नाही. त्याला काय हवंय ते विचारायचं." म्हणजे माझं काम काय? फक्त ऐकायचं.

आणि आला कोण, तर क्लॅरी! चाळीस वर्षं कुंपणाला कुंपण लावून गाई पाळल्या आम्ही. त्याची गाठ म्हणजे निव्वळ गोगलगाय. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करा, रेडिएशन घ्या, नाहीतर दर तीन महिन्यांनी रक्त तपासत नुसतं लक्ष ठेवू, घाई नाही. क्लॅरीने मला विचारलं, "माझ्या जागी तू असतास तर?" आता फक्त ऐकायचं की नाही? पण ही जीभ... म्हणालो, "काढून टाक लेका, मोकळा हो."

काढलं त्याने. कॅन्सर गेला, पण शिंकला, खोकला, वाकला की लघवी गळते... आणि हा आमचा लॉन बोल्सचा, म्हणजे हिरवळीवर गोळे घरंगळवायच्या खेळाचा चॅम्पियन, वाकल्याशिवाय गोळा सुटत नाही, वर क्लबचा नियम काय, तर पांढरी पँट! सहा महिने मैदानाकडे फिरकला नाही. त्याच्या फाटकावरून जाताना मी मान वर करत नसे.

शेवटी केक घेऊन गेलो. म्हटलं, क्लॅरी, मी तुझं वाटोळं केलं. तो शांतपणे केक कापत म्हणाला, "मी आधीच ठरवलं होतं. आत गाठ आहे म्हटल्यावर नोरीनच्या डोळ्याला डोळा लागेना. बायकोच ती. मला फक्त हो म्हणणारा हवा होता, आणि तू म्हणणार हे ठाऊक होतं." मग सुरी ठेवली. "पण तू एकदा जरी विचारलं असतंस ना, की तुला काय वाटतं... तर सांगितलं असतं, मला भीती वाटते म्हणून."

फक्त ऐकायचं होतं हो मला...

परवा लेस्टर म्हणून नवा गडी आला. तासभर मी नुसतं विचारलं, कशाची धास्ती वाटते, घरी बोललात का, काय गमवायला तयार आहात. तो बोलला, रडला, बायकोला घेऊन येतो म्हणाला. फिलिपाबाई खूश. आणि दारातून जाता जाता लेस्टर त्यांना हळूच म्हणतो, "म्हातारा भला आहे, पण त्याला यातलं ओ की ठो कळत नाही. अनुभवी कुणी नाही का?"