शेल्टरमध्ये कोण मावलं

आमच्या आईला तुम्ही ओळखता म्हणून सांगतो, नाहीतर कुणाला खरं वाटायचं नाही. माझ्या धाकट्या भावाने अमेरिकेत टोर्नेडोपासून वाचायला घरात खास खोली बांधून घेतली. तेव्हापासून आईला आमच्या सिंगापूरमधल्या सेंगकांगच्या फ्लॅटची काळजी. मी म्हटलं, "अगं, इथे टोर्नेडो येत नाहीत. आणि इथल्या सरकारी नियमाने बांधलेली आपली स्टोअररूम म्हणजे बॉम्ब शेल्टरच आहे. जाड काँक्रीट, लोखंडी दार!"

झालं. एका दुपारी सोसाट्याचा वारा सुटला, खिडक्या खडखडल्या आणि आई ओरडली, "चला, सगळे शेल्टरमध्ये!"

दार उघडलं तर आत बॅगा, सायकल आणि तिनेच पुण्याहून आणलेले पापड-कुरडयांचे डबे. माणूस मावेना. आईने हॉलमधला छोटा देव्हारा उचलला, डब्यांवर नीट ठेवला, दार लावलं आणि दाराला टेकून बाहेरच बसली.

माझी मुलगी तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "आज्जी, देवबाप्पा इनसाइड, वी आउटसाइड? हाऊ कॅन!"

आई म्हणाली, "आपल्याला कसली भीती? देव आहे ना पाठीशी!"