आपलं नाव आपण लिहायचं नाही

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या शिक्षण संस्थेचे ज्येष्ठ संचालक आदरणीय आप्पासाहेब. व्यासपीठावरच्या आपल्या मुख्याध्यापिका विशाखाताई. गारखेड्याच्या या मैदानावर तेहेतीस वर्षं शिट्टी फुंकून आज निवृत्त होणारे आमचे क्रीडाशिक्षक, सत्कारमूर्ती नानासाहेब औताडे सर. त्यांच्या शेजारी बसलेल्या आणि ‘हा आता काय काय बरळणार’ अशा नजरेनं माझ्याकडं बघणाऱ्या द्वारकाकाकू. समोर बसलेले आजी-माजी खेळाडू, पालक, बंधू आणि भगिनींनो, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

मी बद्रीनाथ गव्हाणे. एके काळी सरांच्या फुटबॉल संघाचा गोलकीपर होतो. आता वीज खात्यात मीटर तपासतो. म्हणजे संशय घेण्याचा मला पगार मिळतो. कुणी दारातच हसून ‘या साहेब, चहा घ्या’ म्हणालं की मी आधी मीटरचं सील बघतो. ही सवय घरीही जात नाही, असं आमच्या सौभाग्यवतींचं म्हणणं आहे. त्या तिकडं शेवटून दुसऱ्या रांगेत बसल्यात आणि मान हलवताहेत.

अशा माणसाला निरोपाचं भाषण करायला कुणी सांगावं? पण सरांनीच सांगितलं, ‘बद्री बोलेल.’ तेव्हापासूनच मला शंका यायला लागली होती.

पहिली शंका म्हणजे ही परदेशवारी. मंडळी, सर आणि काकू उद्या सकाळी पोर्तुगालला निघताहेत. अमृता, त्यांची लेक, तिकडं नोकरीला आहे. किती दिवसांसाठी? नव्वद. तिकडं एका दमात तेवढंच राहता येतं म्हणे. आता तुम्हीच सांगा, हा माणूस कधी कुठं गेलाय का? लग्नानंतर काकूंना महाबळेश्वरला घेऊन गेले आणि तिसऱ्या दिवशी परत आले. कारण काय? तर गुरुवारी नळाचा दिवस, मैदानाची टाकी भरायची होती. आपल्या गावात नळ आठ-आठ दिवसांनी येतो, हे मी तुम्हाला सांगायला नको. तेव्हा जो माणूस एका गुरुवारासाठी महाबळेश्वर सोडून आला, तो बारा-तेरा गुरुवार वाऱ्यावर सोडून समुद्रकिनारी बसणार? मला पटलं नाही. काहीतरी लपवताहेत, असं मी त्याच दिवशी घरी बोलून दाखवलं.

दुसरी शंका या फळ्याची. हा बघा, इथं माझ्या उजव्या हाताला, पांढऱ्या चादरीखाली झाकलेला. यावर सरांच्या काळातले सर्वोत्तम अकरा खेळाडू आहेत. माझं भाषण संपलं की आप्पासाहेब चादर काढतील. पण ही अकरा नावं ठरली कशी, ते नव्या मंडळींना माहीत नसेल.

आपल्या मैदानाची एक रीत आहे. दर मोसमाच्या शेवटी सर सगळ्यांना गोल बसवायचे आणि पाठकोऱ्या कागदाची एकेक चिठ्ठी हातात द्यायचे. पाठकोऱ्याच! कोरा कागद सरांनी आयुष्यात कधी फाडला नाही. एका बाजूला परीक्षेचं वेळापत्रक, दुसऱ्या बाजूला आम्ही अकरा नावं लिहायची. नियम एकच. आपलं नाव आपण लिहायचं नाही. सर म्हणायचे, ‘स्वतःला सोडून बाकीचे दहा जण कसे खेळतात, हे ज्याला सांगता येत नाही, त्यानं मैदानाला चकरा माराव्यात.’ आणि खरंच मारायला लावायचे.

तर गेल्या महिन्यात, त्याच रीतीनं, आम्ही एकतीस जुने खेळाडू जमलो. या वेळी कागद मात्र कोरे होते. मी तेव्हाच चमकलो. सरांनी कोरे कागद आणले? कशासाठी? पण लिहिलं. नंतर आमच्यातल्याच शिवराजनं चिठ्ठ्या मोठ्यानं वाचल्या. आघाडीवर कोण, बचावाला कोण, यावर फार वाद झाला नाही. शेवटी गोलकीपर. सांडू दाभाडे, सत्तावीस. इंद्रजीत, दोन. एका चिठ्ठीवर दहाच नावं होती, गोलकीपरची जागा रिकामी. कुणीतरी विसरला असेल म्हणून ती बाजूला ठेवली. आणि मग शिवराज थांबला, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, ‘बद्रीनाथ, एक.’

मग मागून आवाज आला, ‘व्हय रं बद्री, आपलं नाव आपण लिहायचं नसतंय.’ आणि सगळे जे हसले! तीन आठवडे झाले, अजून हसताहेत. शहागंजच्या बाजारात भेटले तरी हसतात.

मंडळी, हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट नव्हती ही. त्या मैदानावर मी बारा वर्षं घालवली. हरलो, चिडलो, शिव्या खाल्ल्या, पण तो नियम कधी मोडला नाही. आणि आता माझ्या नावावर कायमचं काय राहणार? तर बद्रीनं स्वतःलाच मत दिलं. चिठ्ठ्या सरांकडं, आणि सर चालले नव्वद दिवस पोर्तुगालला. मला हे आधीपासून ठरल्यासारखं वाटायला लागलं.

मी तपासाला लागलो. लपवत नाही. पहिला संशय शिवराजवर, कारण वाचणारा तोच. दुसरा सरांवर. आणि सगळ्यात मोठा, अर्थातच, सांडूवर. का, ते तेव्हा वैजापूरला आलेल्यांना आठवत असेल. एकोणीस वर्षांपूर्वी तिथल्या स्पर्धेचा अंतिम सामना, बरोबरी, आणि आता पेनल्टी. सरांनी ऐन वेळी मला बाहेर बोलावलं. माझे हातमोजे काढून सांडूला दिले, कारण त्याच्याकडं मोजेच नव्हते. सांडूनं दोन फटके अडवले, आपण जिंकलो. सगळे त्याला खांद्यावर घेऊन नाचत होते, आणि तो मात्र त्यांच्यातून उतरून माझ्याकडं आला. मोजे पुढं केले. म्हणाला, ‘घे बद्री. तुझेच हायेत.’ मी घेतले नाहीत. त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोललो नाही. तो तीन-चार वर्षं बोलायचा प्रयत्न करत होता, मग त्यानंही सोडून दिलं.

तेव्हा ते एक मत सांडूनंच टाकलं असणार, मला जन्माचं हसू करायला, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं. त्यात आठ दिवसांपूर्वी कळलं की हा फळा रंगवायचं काम त्याच्याकडंच दिलंय. सांडू पेंटर आहे, अर्ध्या गारखेड्याच्या दुकानांवरची नावं त्याच्या हातची. आणि शिवराज सांगत आला, ‘पेंटरनं दहाच नावं काढलीत. गोलकीपरची जागा मोकळीच ठेवलीय. विचारलं तर काय बोलंना.’ झालं! आता हा स्वतःचं नाव सोनेरी रंगात काढणार, सगळ्यांच्या शेवटी, असं मी मनाशी म्हटलं.

चार दिवसांपूर्वी, दुपारी, मी सरांच्या घरी गेलो. सांगितलं असं की तीन महिने घर बंद राहणार, मीटर आणि मेन स्विच एकदा बघून घेतो. काकू, माफ करा. मीटर ठणठणीत होतं, ते मला रस्त्यावरूनच दिसलं होतं.

सर घरी नव्हते. पुढच्या खोलीत दोन बॅगा उघड्या, एकीत ज्वारीचं पीठ आणि शेंगदाण्याची चटणी, दुसरीत सरांचे तीन शर्ट आणि चेंडूत हवा भरायचा पंप. काकू वैतागलेल्या. चिमटा लावलेला कागदांचा गठ्ठा त्यांनी माझ्या हातात आदळला.

‘बघ रं बाबा, हे ह्यांचं टाइमटेबल. नव्वद दिवसाचं! दिवस सातवा, सकाळी सहा, चालणं. दिवस आठवा, सकाळी सहा, समुद्र बघणं. मी काय शाळंतली पोरगी हाय का शिट्टीवर समुद्र बघायला? आयुष्यात एकदा चालले लेकीकडं, मला नुसतं बसायचंय.’

मी म्हटलं, ‘काकू, परतीचं तिकीट आहे ना?’

‘हाय की. पण ह्या कागदात परत यायचा दिवस कुठंच नाय. मीच तीनदा शोधला.’

मी कान टवकारले. मी एकेक कागद उलटायला लागलो, आणि उलटताना पाठ दिसली. मंडळी, त्या आमच्याच चिठ्ठ्या होत्या. तरी म्हटलं सरांनी कोरे कागद का आणले! एका बाजूला आम्ही अकरा नावं लिहायची, म्हणजे दुसऱ्या बाजूला यांचा प्रवास. एका चिठ्ठीवर तीन दिवस, तीस चिठ्ठ्यांत नव्वद. सर, गुप्त मतदानाची अशी वासलात अख्ख्या जिल्ह्यात कुणी लावली नसेल.

दिवस चाळीस ते बेचाळीस. तो कागद उलटला आणि माझा हात थांबला. त्यावरचं अक्षर ओळखायला मीटर तपासणाऱ्याची नजर लागत नाही. पेंटर लोक आधी पट्टी ठेवून वरची रेघ ओढतात आणि मग तिच्याखाली अक्षरं लटकवतात. अकरा रेघा, अकरा नावं. आणि सगळ्यात वर, गोलकीपर, बद्रीनाथ गव्हाणे.

त्याला स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं, हे खरं. पण इंद्रजीत होता की. तोही तीन मोसम खेळलाय. ज्या माणसाशी मी एकोणीस वर्षं बोललो नाही, त्याचं नाव लिहायची सांडूवर कुणी सक्ती केली होती?

मी तिथंच खुर्चीवर बसलो. काकूंनी पाणी आणून दिलं. त्यांना वाटलं, ऊन लागलं.

आता जे सांगतो ते सांगायची मला लाज वाटते, पण सर उद्या जाणार, आज बोललो नाही तर पुन्हा धीर व्हायचा नाही. ती दहा नावांची चिठ्ठी माझी होती. मी विसरलो नव्हतो. गोलकीपरच्या जागी पेन टेकवलं, सांडूचं नाव हाताला येईना, आणि जागा तशीच सोडून घडी घातली. म्हणून तर तीन आठवडे मी कुणाला ठणकावून सांगू शकलो नाही की माझं नाव मी लिहिलं नाही. सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, मग तू कुणाचं लिहिलंस?

तेवढ्यात सर आले. माझ्या हातातला कागद बघितला आणि काही न विचारता कपाटातून एकतिसावी चिठ्ठी काढली. माझी. पाठ कोरी. मी संशयानं विचारलं, ‘सर, हिच्यावर काहीच कसं नाही लिहिलं?’

सर म्हणाले, ‘अपुरा कागद मी पाठीमागून वापरत नाही. आधी तू तुझी बाजू पूर्ण कर.’

येताना मी सांडूच्या दुकानावरून आलो. तो शिडीवर होता, हातात ब्रश. एकोणीस वर्षांनी पहिलं वाक्य काय बोलावं? मी वरती बघून म्हटलं, ‘फळ्यावर आपलं नाव का नाही काढलं?’ त्यानं खाली न बघताच सांगितलं, ‘आपलं नाव आपण लिहायचं नाय. तुला ठाव नाय का?’

एवढंच. मी तसाच घरी आलो. भित्रा माणूस आहे मी, म्हणून आज शंभर माणसं साक्षीला घेऊन बोलतोय.

सर, ही माझी चिठ्ठी. पूर्ण आहे, अकरा नावं मोजून घ्या. आता हिच्या पाठीवर आपण इथंच, माझ्यासमोर, एक्क्याण्णवावा दिवस लिहायचा. संध्याकाळी साडेपाच, गारखेडा, मैदान. सही आणि तारखेसह. काकूंना तो दिवस कुठं सापडत नाही आणि माझाही आपल्यावर अजून पुरता विश्वास बसलेला नाही. नव्वद दिवस काकूंना नुसतं बसू द्या. टाकीचे गुरुवार मी आणि सांडू बघून घेऊ. म्हणजे, मी त्याला अजून विचारलेलं नाही.

सर, आपण वैजापूरला मला बाहेर काढलंत, ते बरोबर होतं. त्या दिवशी माझे हात कापत होते आणि ते आपल्यालाच दिसलं होतं. हे मान्य करायला मला फार उशीर झाला. आपल्याला आणि काकूंना प्रवासासाठी मनापासून शुभेच्छा. अध्यक्षांनी मला जरा जास्तच वेळ दिला, विशाखाताईंनी दोनदा घड्याळ बघूनही थांबवलं नाही, आपण सर्वांनी ऐकून घेतलं, त्याबद्दल आभार.

आप्पासाहेब, चादर काढण्याआधी दोन मिनिटं मागतो. सांडू, तू तिसऱ्या रांगेत बसलायस, खिशात ब्रश असतोच तुझ्या, बोटाला सोनेरी रंग मला इथून दिसतोय. वर ये. वरची रेघ तू ओढ, ती मला सरळ जमणार नाही. नाव मी काढतो. आणि मंडळी, माझं अक्षर वाकडं आलं, एखादा काना खाली ओघळला, तर या फळ्यावरची तेवढी चूक माझी समजून पोटात घाला.

ये सांडू. माझा हात आजही कापतोय. जरा धर.