मुलगा कुठवर आला

आदरणीय अध्यक्ष सर्जेराव, व्यासपीठावरचे पाहुणे, आपल्या ज्येष्ठ नागरिक संघातल्या बंधू-भगिनींनो, आणि आज ज्यांना आपण निरोप देतो आहोत त्या उल्काताई,

थोडकंच बोलतो. मागे बटाटेवडे गार होतायत, हे मलाही दिसतं.

उल्काताईंनी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला. आता त्या लेकीकडे टोरांटोला चालल्या. आपल्यापैकी बहुतेकांची मुलं अशीच दूर. आपल्यातलं कुणी गेलं की पहिला प्रश्न कोणता असतो? मुलगा कधी पोचेल? तोवर बर्फाच्या लाद्या, पांढरी चादर, आणि शेजारी खुर्ची टाकून बसलेल्या उल्काताई.

त्या मयताशी बोलतात. "निघाला हं. आता ग्रीनलंडवर आहे." विमान सरळ न येता उत्तरेकडून का वळतं, तेही समजावतात.

श्यामराव गेले तेव्हा त्यांचा मुलगा सॅन फ्रान्सिस्कोत होता. साडेतेरा हजार किलोमीटर. वाटेत विमान बदलायचं, मुंबईहून पुढे गाडी. अख्खा दिवस गेला. त्यांच्या पत्नी पद्मजाबाई म्हणाल्या, "अहो उल्काताई, यांना काय ऐकू येतंय?"

"जिवंतपणी तरी कुठे ऐकत होते?"

त्या घरात, त्या वेळी, आम्ही हसलो.

श्यामरावांचे डोळे मिटत नव्हते. मीही हात लावून पाहिला होता. संध्याकाळी उल्काताई त्यांच्या कानाशी वाकून म्हणाल्या, "मुंबईला चाकं टेकली." डोळे मिटले. बर्फामुळे असं होतं, असं डॉक्टर म्हणाले. होत असेल. मी समोर उभा होतो.

आमचा श्रीनिवास ऑकलंडला असतो. मी एकदा चेष्टेनं म्हटलं, "ताई, त्याची वाटही पाठ करून ठेवा." त्या म्हणाल्या, "जिवंत माणसांना मी सांगत नाही. त्यांनी फोन करावा."

आज सकाळी या हॉलमध्ये आम्ही खुर्च्या मांडत होतो. ताईंनी एक खुर्ची माझ्याशेजारी ओढली. बसल्या. हळूच म्हणाल्या, "श्रीनिवास निघाला हं."

"त्याला कुणी बोलावलंय?" मी विचारलं.

त्या उठून पुढची खुर्ची मांडायला गेल्या. मी त्याला फोन लावला. बंद होता. झोपला असेल, कामात असेल, असं मनाला सांगितलं. मग संध्याकाळच्या चहाच्या वेळी ताई पुन्हा आल्या. "सिंगापूरला उतरला." आणि आत्ता, मी माइककडे येताना, "सिंगापूर सुटलं." तिथून मुंबई पाच-साडेपाच तास. पुढे घाट.

सभासदहो, त्यांचं उद्याचं विमान होतं. ते तिकीट त्यांनी पुढे ढकललंय. लेकीला कळवलं, इथे एक दिवसाचं काम राहिलंय.

ताई, श्रीनिवास मला भेटेल का, हे मी विचारत नाही. उत्तर तुम्ही द्याल, म्हणून विचारत नाही. एवढंच सांगतो, लोणावळ्याला गाडी अडकली तरी बोलत राहा. मी ऐकणारा माणूस आहे.

ही शाल आणि हे श्रीफळ संघातर्फे स्वीकारावं. आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. माझ्या बोलण्यात, वागण्यात कधी काही कमी-जास्त झालं असेल, तर कृपा करून आजच माफ करा.