वळणावरचा बोर्ड

शिवरे पोलीस दूरक्षेत्र, तालुका संगमेश्वर
दिनांक ३१ ऑक्टोबर १९८६

नाव मैना रावजी पाष्टे, वय ४६ वर्षे, धंदा भातशेती व मजुरी, राहणार शिवरेकोंड, पाष्टेवाडी, तालुका संगमेश्वर, जिल्हा रत्नागिरी.

मी दूरक्षेत्रात समक्ष येऊन, हवालदारसाहेबांनी विचारले त्याप्रमाणे सांगते की,

मी वरील ठिकाणी राहते. माझे पती रावजी हे रस्त्यावर मैलकुली होते. खड्डे बुजवणे, गटारे काढणे, मैलाचे दगड रंगवणे ही त्यांची कामे. ते दोन वर्षांपूर्वी काविळीने वारले. मला सदाशिव ऊर्फ सदू हा एकच मुलगा होता. मी शाळेत गेलेली नाही. पती दगड रंगवत असताना मी भाकरी घेऊन जात असे. दगडावरच्या गावांची नावे त्यांना विचारून मी अक्षरे शिकले. आता मी वर्तमानपत्र वाचते व सही करते.

आमच्या गावात येण्याच्या तीन वाटा आहेत. पहिली पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची पायवाट, तिने फक्त माणसे चालतात. दुसरा जुना डांबरी रस्ता. तो जांभ्याच्या सड्याला वळसा घालून पऱ्यावरच्या, म्हणजे ओढ्यावरच्या दगडी मोरीवरून गावात येतो. त्याच्या कडेला मैलाचे जुने दगड अजून आहेत, त्यावर अंतर मैलातच आहे. तिसरा नवा रस्ता. राज्य मार्ग रुंद करताना वळण काढून टाकले आणि जांभा सरळ फोडून तो नेला. त्यावर नवे पिवळे-पांढरे दगड आहेत. संगमेश्वरकडून येताना नवा रस्ता सरळ जातो आणि जुना उजव्या हाताला फुटतो. त्या फाट्यावर 'रस्ता बंद' असा बोर्ड आहे.

हा बोर्ड माझ्या पतीने पुरलेला आहे. तीन वर्षांपूर्वी काम सुरू होणार म्हणून रस्ता खात्याच्या साहेबांनी तो पाठवला आणि रस्त्यात आडवा लावण्यास सांगितले. पण नवा रस्ता तेव्हा झालेलाच नव्हता. एस.टी., बैलगाड्या, सगळे जुन्याच रस्त्याने जात. आडवा लावला तर माणसे कोठून जाणार, म्हणून पतीने तो डाव्या बाजूला, गटाराच्या पलीकडे पुरला. पुढे पहिला ठेकेदार काम सोडून गेला. बोर्ड राहिला. त्याच्यापुढून रोज एस.टी. जात असे. कंडक्टर रघू तेथे आला की ओरडे, "चला, रस्ता बंद झाला, तिकिटं काढा!" आणि गाडी हसत असे. वाडीतले लोक पतीला म्हणत, "रावजी, तुजा बोर्ड खोटा बोलतो रं." त्यावर पती म्हणत, "सायबाचा हाय तो. मी निस्ता खड्डा खणलाय."

त्या बोर्डावरून मी इतक्या वेळा गेले. पहिले काही दिवस वाचला. नंतर वाचला नाही. गावात कोणीच वाचत नव्हते.

यंदा पावसाळ्याच्या अखेरीस दुसऱ्या ठेकेदाराने केलेला नवा रस्ता सुरू झाला व एस.टी. त्यावरून जाऊ लागली. जुना रस्ता फक्त बैलगाड्यांना आणि देवाला राहिला. देवाला म्हणजे शिवेच्या राखणदाराला. त्याचा दगड जुन्या रस्त्यावर मोरीच्या पुढच्या वळणावर आहे. आमच्यात नवी नवरी, नवे बैल किंवा नवी गाडी शिवेच्या आत येते तेव्हा आधी राखणदाराला नारळ देतात. तो दिल्याशिवाय घरात कोणी घेत नाही. नव्या रस्त्यावर राखणदार नेता येतो का, म्हणून गावाने गुरवाकडून देवाला कौल लावला होता. देव जागा सोडीत नाही असा कौल झाला. म्हणून नवी गाडी आली की ती जुन्या रस्त्यानेच आणायची, असे ठरले. ते कोणाला वेगळे सांगावे लागत नाही.

सदू मुंबईस एका कंपनीच्या गाडीवर ड्रायव्हर होता. आमच्या शेजारचा केरू भुवड हाही मुंबईस होता. दोघांनी मिळून जुना टेम्पो घेतला. जयगडची मासळी संगमेश्वर व देवरुखच्या बाजारात आणायची असा त्यांचा विचार होता. दसऱ्याच्या आदल्या दिवशी गाडी घेऊन येतो, असे सदूने कळवले होते.

त्या दिवशी सकाळी मी, माझे दीर दादू व गुरव असे पाखाडीने राखणदाराकडे गेलो. केरूची बायको जनी घरी रांधत होती. पाखाडी दगडाच्या वरच्या अंगाला उतरते, त्यामुळे आम्हाला मोरी दिसली नाही. तेथून ती दिसत नाही, मध्ये वळण व करवंदीच्या जाळ्या आहेत. नव्या रस्त्याच्या संरक्षक भिंतीसाठी मोरीचे घडीव दगड दोन दिवसांपूर्वी काढून नेले होते, हे आम्हाला माहीत नव्हते. वाडीत कोणी सांगितले नाही.

गुरवाने दगड धुतला. मी नारळ पुढे ठेवला. ऊन चांगले पडले होते. खालून गाडीचा आवाज आला आणि मग हॉर्न वाजला. हॉर्न वाजतच राहिला. गुरव हसून म्हणाला, "प्वार खुशीत हाय गो मैने." दीर म्हणाले, "कान फोडील राखणदाराचे." मीही हसले. आम्ही तेथेच उभे राहून गाडी वळणावरून येण्याची वाट पाहत होतो. हॉर्न थांबला नाही तेव्हा दीर खाली गेले. मी त्यांच्या मागून गेले.

टेम्पो मोरीच्या जागी पऱ्यात तोंडावर पडलेला होता. केरू बाहेर फेकला गेला होता व हलत नव्हता. सदू आत होता. दीरांनी खाली उतरून हॉर्नची तार तोडली. पुढचे पंचनाम्यात आले आहे, ते मी पुन्हा सांगत नाही.

गाडीचा वेग किती होता असे विचारल्यावरून सांगते की, मी पाहिले नाही. सदू दारू पीत होता काय असे विचारल्यावरून सांगते की, नाही. नारळ द्यायला येणारा माणूस पिऊन येत नाही.

फाट्यावर बोर्ड होता काय असे विचारल्यावरून सांगते की, होता. गटाराच्या पलीकडे, डाव्या बाजूला होता. पंचनामा दुसऱ्या दिवशी झाला. तेव्हा तो रस्त्याच्या मधोमध आडवा, दोन पिंपांना टेकून होता, हेही खरे आहे. तो आडवा कोणी केला ते मी पाहिलेले नाही, म्हणून नाव सांगत नाही. पतीने बोर्ड पुरला त्या जागेचा खड्डा दाखवीन असे मी त्याच वेळी म्हटले होते. पंचनामा करणारे साहेब म्हणाले, रस्त्याच्या कडेला खड्डे सगळीकडेच असतात.

येथे येण्यापूर्वी दीर मला म्हणाले, "वयनी, बोर्ड नव्हताच म्हणून सांग. तेवढ्यानं ठेकेदार अडकतो नि आपल्या सदूवर बोल येत नाय." मी म्हटले, "भावजी, तो तुमच्या भावानं पुरलेला हाय. नव्हता कसा म्हणू?" ते म्हणाले, "भाऊ येनार हाय काय बगायला?"

केरूची बायको जनी व मी एकाच विहिरीवर पाणी भरतो. तिच्या पदरात दोन मुली आहेत. तेराव्यापर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. नंतर विहिरीवर मला म्हणाली, "काकी, आमच्या ह्यास्नी वाचाय येत नव्हता. तुज्या सदूस येत व्हता ना? मग त्यानं वाचलान कसा नाय गो?" मी घागर भरून घरी आले. सदूने बोर्ड वाचला असेल. तीन वर्षे गावाला येताना त्याला तो तेथे दिसत होता आणि पुढे रस्ता चालूच असायचा. हे माझे म्हणणे आहे, मी ते पाहिलेले नाही.

या गुन्ह्यात केरूच्या मरणाबद्दल आरोपी म्हणून सदूचे नाव आहे असे मला आज येथे समजले. हयगयीने गाडी चालवली असे त्यात आहे. सदू स्वतः मेला आहे असे मी सांगितले. हवालदारसाहेब म्हणाले, "बाई, म्हणूनच खटला चालायचा नाही. कागद कोर्टात जाईल नि बंद होईल." बंद झाल्यावर नाव काढतात काय असे मी विचारले. नाव तसेच राहते असे त्यांनी सांगितले. मोरी काढणाऱ्याचे नाव त्यात आहे काय असे मी विचारले. बोर्ड लावलेला असल्यामुळे नाही, असे त्यांनी सांगितले.

आता जुना रस्ता खरोखरच बंद आहे. मोरीच्या जागी माती टाकली आहे. राखणदाराला आम्ही त्या दिवशी ठेवलेला नारळ कोणी फोडला नाही, कोणी उचललाही नाही. दिराचे म्हणणे, देवाला पुन्हा कौल लावू. माझ्या घरी यापुढे नवे काही यायचे नाही.

मला कोणावर संशय आहे काय असे विचारल्यावरून सांगते की, मी पाहिले तेवढेच सांगितले आहे. जनीच्या घरात हा कागद जाईल काय, असे मी विचारले. तिने मागितला तर नक्कल मिळेल असे समजले. तिला वाचता येत नाही. ती वाचायला माझ्याकडेच येईल, वाडीतल्या बाया कागद वाचायला माझ्याकडेच येतात.

वरील मजकूर हवालदारसाहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. नंतर कागद हातात घेऊन मी स्वतः वाचला. मी सांगितले ते सगळे त्यात आले आहे व ते खरे आहे. कागदाच्या वर सदूच्या नावापुढे आरोपी असे लिहिले आहे, ते मी सांगितलेले नाही. ते खोडता येत नाही असे समजले. खाली सही केली म्हणजे मी त्यालाही मान्यता दिली असे होते काय, असे मी विचारले. हवालदारसाहेबांनी पेन पुढे केले.

सही केली.

मैना रावजी पाष्टे