विमानाचे चार तास

शांतम्मा : …चार म्हंजी चारच सांगितलं हुतं तुमी, गुर्जी. म्या तिथंच बसले हुते, अक्काच्या उशाशी.

तात्याराव : विमानाचे सांगितले होते, शांतम्मा. कुवेत ते मुंबई पावणेतीन हजार किलोमीटर, विमानाला चार तास. नकाशावर दोरा लावून दाखवलं की तुमच्या जावेला.

शांतम्मा : दावलंत, अन् साळंत निघून गेलात. काल सकाळीच तार आलेली, शरणबसप्पा त्याच दिशी निघतोय म्हनून. अक्का म्हनली, शांते, लेक दुपारी येतोय, आता पाणी त्याच्याच हातचं पिनार. टँकरला दोन घंटे हुबी राहून कळशी आणली म्या. एक घोट घेतला न्हाय.

तात्याराव : विमान कधी सुटतं ते तारेत नव्हतंच. मुंबईहून रात्रभर रेल्वे, कुर्डुवाडीला बदलून छोटी गाडी, मग येडशीहून दोन कोस पायी. आज संध्याकाळच्या आत तो येणं शक्यच नव्हतं.

शांतम्मा : हे तवा का न्हाय बोललात?

तात्याराव : तिनं विमानाचंच विचारलं… खरं सांगू? मिरवायचं होतं मला. अन् चार तास म्हटल्यावर तिचा चेहरा असा खुलला, की पुढचं सांगवेना.

शांतम्मा : दोनदा आले तुमच्याकडं. साळंला कुलूप.

तात्याराव : दुष्काळी कामाच्या हजेऱ्या घेऊन उस्मानाबादला गेलो होतो.

शांतम्मा : म्या अडाणी. म्हनलं, येईल, वाट चुकलं आसंल इमान. दिवेलागणीला अक्का म्हनली, ‘त्याचं मनच न्हाय यायचं. ऊस वाळला, ढोकीच्या साखर कारखान्यातलं वेल्डरचं काम सुटलं, तवा म्याच बोलले हुते, बसून खातोस म्हनून. राग धरलाय त्यानं.’ अन् भिंतीकडं तोंड केलं. म्या चमचा लावला ओठाला. दात आवळून धरलं. पहाटं गेली.

(आत अक्काला, म्हणजे शिवगंगेला, लिंगायतांच्या रीतीनं मूठमातीसाठी मांडी घालून, भिंतीला टेकवून बसवलं आहे. बाहेर विधीसाठी आलेले जंगम खोळंबले आहेत.)

तात्याराव : मी येडशीला जातो. वाटेतच सांगतो त्याला. माझी चूक, माझ्या तोंडानं.

शांतम्मा : काय सांगनार? तुजी आई तहानेली गेली, अन् तू आला न्हाईस म्हनून गेली?

तात्याराव : खोटं कसं बोलू, शांतम्मा?

शांतम्मा : काल खरं तेच बोलला हुतात की तुमी. त्या पोराला पुन्यांदा तिकडंच जायचंय पोटासाठी. हे ऐकलं तर जलमभर तास मोजीत बसंल त्यो.

तात्याराव : मग काय सांगू?

शांतम्मा : निजली ती उठलीच न्हाय म्हनावं. वाट बघत हुती, लई खुशीत हुती म्हनावं.

तात्याराव : अन् शेवटचं पाणी कुणी पाजलं, विचारलं तर?

शांतम्मा : म्या पाजलं म्हना. पोटभर पेली.