आतून दार कोण उघडतं?

मंडळी, बागूल सरांच्या फोटोला हार घातलेला बघवत नाही. या शोकसभेत बोलायला उभी राहिले खरी. पण बोलण्यात रडू किती आणि राग किती, हे माझं मलाच कळत नाही.

कॉलेजात सरांच्या शेजारच्या टेबलावर माझी सगळी नोकरी झाली. माणूस भारी संशयी. पंचवटीच्या बाजारात कुणी 'ताजी मेथी' म्हटलं, की जुडी उलटी करून बघणार. प्रयोग नीट आला, तर म्हणणार, "मॅडम, इतका सरळ आला म्हणजे कुठंतरी घोळ आहे."

सुट्टी लागली की सर पुण्याच्या प्रयोगशाळेत जायचे. विषय एकच. एरंडीच्या बीमधलं विष पेशीत शिरतं कसं? ते विष म्हणजे एक प्रथिन, दोन तुकड्यांचं. एक तुकडा पेशीच्या अंगावरच्या साखरेला धरून बसतो. मग पेशीच त्याला आत ओढून घेते. पुढं ते उलटं चालतं, मंडळी. ज्या वाटेनं पेशीचा माल बाहेर जातो, त्याच वाटेनं ते आत आत जातं. तिथं दोन तुकडे सुटे होतात. आणि बिघडलेलं प्रथिन टाकून द्यायचं जे दार असतं ना, त्यातून दुसरा तुकडा निसटतो आणि प्रथिनं बनवणारी यंत्रं बंद पाडतो. सर म्हणायचे, "पेशी इतकी भोळी नसते, मॅडम. आतलंच कुणीतरी दार उघडतं. मला तो आतला पाहिजे."

आता मलाही तो आतला पाहिजे.

सर गेले हृदयविकारानं. कितीतरी दिवस गोळ्या चालू होत्या, हे इथं सगळ्यांना माहीत आहे. पण तेरावा व्हायच्या आत गल्लीत कुजबुज सुरू झाली. सुनेनं एरंडेल पाजलं म्हणे. एसटीडी बूथवर तेच, पिठाच्या गिरणीत तेच. समाचाराला आलेल्या बायका सुनेच्या, सरिताच्या हातचा चहा तसाच ठेवून उठल्या.

सरिता मला म्हणाली, "मॅडम, मामांचं पोट साफ व्हईना. त्यांनीच मागितलं, म्हणून चमचाभर दिलं. आता लोक माझ्या हातचं पाणी पीत नाय. आन् हे बी बोलत नाय."

अहो, एरंडेल कुणाच्या घरात नाही? तुमच्या आयांनी नाक दाबून पाजलेलं विसरलात? ते विष तेलात उतरत नाही. पेंडीत राहतं.

आणि आता मला संशय येतो तो ऐका. सर एरंडीच्या विषावर काम करतात, हे गिरणीवाल्याला काय ठाऊक? गल्लीला काय ठाऊक? ते ठाऊक होतं आपल्या विभागाला. म्हणजे गोष्ट आपल्यातूनच बाहेर गेली. विष पेंडीत राहतं, हे ज्याला पक्कं माहीत, त्यानंच अर्धं सांगितलं आणि अर्धं गिळलं. का? सरांची खुर्ची रिकामी झाली म्हणून? की नुसती जीभ खाजली म्हणून? माझ्याकडं पुरावा नाही. पुराव्याशिवाय नाव घेतलं असतं, तर सरांनी मलाच झापलं असतं. म्हणून नाव घेत नाही. पण आपला विभाग बसलाय त्या पुढच्या दोन रांगा सोडून मी कुठं शोधायला जाणार नाही.

सुनील, तू सरांचा मुलगा. ओझरच्या कारखान्यात विमानाचा एकेक जोड तपासून मगच सही करतोस. बायकोच्या बाबतीत न तपासता गप्प कसा बसलास, बाळा?

आता आपण दोन मिनिटं स्तब्ध उभे राहू. रीत डोळे मिटायची आहे. मी मिटणार नाही, मी बघत राहणार आहे. सरिता, मागं थांबू नकोस. इथं फोटोजवळ ये, घरच्या माणसांची जागा इथं आहे.

सर, तुम्हाला नमस्कार करते.

उठा, मंडळी. सुनील, तू आधी ऊठ, आणि तिच्या शेजारी येऊन उभा राहा.